पाण्याने आखलेली डोंगरवाट : टाहो सरोवरावरील ‘फ्लूम ट्रेल’

अमेरिकेच्या पश्चिम भागात, कॅलिफोर्निया आणि नेवाडा या दोन राज्यांच्या सीमेवर, सिएरा नेवाडा पर्वताच्या कुशीत टाहो हे विस्तीर्ण सरोवर पसरलेले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 मीटर उंचीवर असलेल्या या सरोवराची लांबी 35 किलोमीटर, रुंदी 19 किलोमीटर आणि सर्वाधिक खोली 501 मीटर आहे. त्याला लहानमोठे 63 ओढे येऊन मिळतात. बाहेर मात्र ट्रकी ही एकच नदी पडते. वाशो या आदिवासी जमातीची ही पिढीजात भूमी असून ‘टाहो’ हे नावही त्यांच्याच भाषेतील सरोवरवाचक शब्दावरून आलेले आहे.

या सरोवराच्या पूर्वेकडील डोंगरावर, पाण्यापासून साडेचारशे मीटरांहून अधिक उंचीवर, कड्याच्या पोटातून एक अरुंद वाट आडवी गेली आहे. तिला ‘फ्लूम ट्रेल’ असे म्हणतात. फ्लूम म्हणजे पाणी वाहून नेणारी लाकडी पन्हळ. सुमारे सात किलोमीटर लांबीच्या या वाटेवर दर वर्षी उन्हाळ्यात देशोदेशींचे सायकलस्वार येतात. सायकलीच्या डोंगरवाटांची जी प्रतवारी केली जाते तीत ही वाट ‘मध्यम’ श्रेणीची मानली जाते. एवढ्या उभ्या डोंगरावर मध्यम श्रेणीची वाट निर्माण झाली कशी, हा प्रश्न साहजिकच मनात येतो. त्याचे उत्तर सायकलीच्या इतिहासात नसून पाणीपुरवठ्याच्या इतिहासात आहे.

चांदीच्या खाणी आणि पाण्याची टंचाई

नेवाडातील व्हर्जिनिया सिटी परिसरात 1859 साली चांदीचा मोठा साठा सापडला. ‘कॉमस्टॉक लोड’ या नावाने तो प्रसिद्ध आहे. ओसाड डोंगरावर पाहता पाहता शहर उभे राहिले. खाणींना आधार देण्यासाठी लाकूड हवे होते. ते टाहोच्या खोऱ्यातील जंगले तोडून नेण्यात आले. माणसांना, यंत्रांना आणि आगीचे बंब चालविण्यास पाणी हवे होते. तेही याच बाजूच्या डोंगरातून आणावे लागले. अडचण अशी की, पाण्याचा उगम आणि शहर यांच्यामध्ये वाशो व्हॅली हे खोल खोरे आडवे पसरले होते.

हर्मन शुस्लर या जर्मन वंशाच्या अभियंत्याने हा प्रश्न सोडविला. त्याने सुमारे 11 किलोमीटर लांबीचा, जेमतेम फूटभर व्यासाचा लोखंडी नळ एका डोंगरावरून खोऱ्यात उतरविला आणि समोरच्या डोंगरावर चढविला. पाणी वरच्या बाजूने आत शिरते, स्वतःच्या दाबाने दुसऱ्या बाजूस वर चढते. खोऱ्याच्या तळाशी नळावर येणारा दाब पाचशे मीटरहून अधिक उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका होता. 1873 साली हा नळ सुरू झाला. पुढे तेही पाणी अपुरे पडू लागल्यावर टाहोच्या बाजूस असलेल्या मार्लेट सरोवराचे पाणी घेण्यात आले. या सरोवरापासून उत्तरेकडे डोंगराच्या कडेने लाकडी पन्हळ बांधण्यात आली, आणि तिच्या शेवटी पर्वताच्या पोटातून सुमारे 1,200 मीटर लांबीचा बोगदा खणून 1877 साली ते पाणी पलीकडे नेण्यात आले.

आजची फ्लूम ट्रेल म्हणजे त्या पन्हळीची बैठक होय. पन्हळ ठेवण्यासाठी डोंगर कापून जी सपाट पायरी तयार केली होती तीच वाट झाली. पाणी पन्हळीतून वाहावयाचे तर उतार असावाच लागतो. पण उतार जास्त झाला तर वेग वाढतो, लाकूड झिजते, वळणावर पाणी उसळून बाहेर पडते. म्हणून अभियंत्यांनी डोंगराची समपातळी धरून, प्रत्येक घळीत आत आणि प्रत्येक सोंडेवर बाहेर वळत, अत्यंत मंद उतार राखला. सातारा शहराला कास तलावाचे पाणी पुरविणारा उघडा पाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना ही रचना समजावून सांगण्याची गरज नाही. सायकलस्वाराला आज जी सुखद, जवळजवळ सपाट वाट मिळते ती त्याच्यासाठी कोणी आखलेली नव्हती.

विसाव्या शतकाच्या मध्यास खाणींचा बहर केव्हाच ओसरला होता. 1957 साली बोगदा ढासळला आणि पन्हळीचा उपयोग संपला. 1963 साली नेवाडा राज्याने ही सारी पाणीपुरवठा व्यवस्था विकत घेतली. 1975 साली अमेरिकेतील स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा मान दिला. कार्सन सिटी आणि व्हर्जिनिया सिटी यांना या व्यवस्थेचे पाणी आजही मिळते. मार्ग तेवढा बदलला आहे. पन्हळीची पायरी मात्र झुडपांनी आणि दरडींनी भरून गेली होती. 1980 नंतरच्या दशकात मॅक्स जोन्स या सायकलपटूने पुढाकार घेऊन ती मोकळी केली, आणि पाण्याच्या वाटेवरून सायकली जाऊ लागल्या.

डोंगरी सायकलीचा जन्म

त्याच सुमारास सायकलही बदलली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस असलेल्या मरीन परगण्यातील काही तरुण 1970 नंतरच्या दशकात जुन्या, जड, रुंद टायरच्या सायकली माउंट टॅमल्पाइस या डोंगरावर नेऊन कच्च्या रस्त्याने खाली उतरत असत. 1976 साली त्यांनी एका तीव्र उतारावर शर्यती सुरू केल्या. त्या उताराचे नाव पडले ‘रिपॅक’. कारण असे की, पायडल उलटे दाबून लागणारे जुने ब्रेक उतारावर इतके तापत की हबमधील ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर हब उघडून ग्रीस नव्याने भरावे लागे. 1977 साली जो ब्रीझ याने खास या कामासाठी सांगाडा तयार केला. गॅरी फिशर, चार्ली केली, टॉम रिची यांनी पुढे अशा सायकलींचा व्यवसाय उभारला. 1981 साली मोठ्या प्रमाणावर तयार होणारी पहिली माउंटन बाइक बाजारात आली. रुंद व खाचेदार टायर, भक्कम ब्रेक, चढासाठी अगदी हलके गिअर आणि आडवे रुंद हँडल ही तिची मूळ लक्षणे. शॉक ॲब्सॉर्बर, डिस्क ब्रेक आणि चालविता चालविता खालीवर करता येणारी सीट या सोयी नंतरच्या होत.

‘मध्यम’ म्हणजे काय ?

सायकलीच्या वाटांची प्रतवारी बर्फावरील स्कीइंगच्या वाटांवरून घेतलेली आहे. हिरवे वर्तुळ म्हणजे सोपी वाट, निळा चौकोन म्हणजे मध्यम, काळा हिरा म्हणजे अवघड. आंतरराष्ट्रीय माउंटन बायसिकलिंग असोसिएशन ही संस्था 1988 साली स्थापन झाली. तिच्या मार्गदर्शक निकषांनुसार मध्यम वाट साधारणतः 60 सेंटिमीटर वा अधिक रुंद असावी, तिचा सरासरी चढ शंभर मीटरला दहा मीटरहून अधिक नसावा आणि चुकविता न येणारा दगड वा मूळ 20 सेंटिमीटरहून उंच नसावे.

या निकषांत एक उणीव मात्र राहते. ते वाटेचा पृष्ठभाग मोजतात; वाटेशेजारची दरी मोजत नाहीत. फ्लूम ट्रेलवर डाव्या हाताला काही ठिकाणी डोंगर एकदम तुटलेला आहे. जमिनीवर आखलेल्या हातभर रुंदीच्या पट्टीवरून कोणीही सहज चालेल. तीच पट्टी कड्यावर असली की पाय अडखळतात. म्हणून या वाटेस मध्यम म्हणताना ती हाताच्या कौशल्याच्या दृष्टीने मध्यम आहे, मनाच्या स्थैर्याच्या दृष्टीने नव्हे, असे म्हणणेच अधिक योग्य ठरेल.

चढण

प्रवास बहुधा दक्षिणेकडील स्पूनर सरोवरापासून सुरू होतो. येथे नेवाडा राज्याचे उद्यान असून प्रवेशशुल्क आकारले जाते. तेथून नॉर्थ कॅन्यन या दरीतून रुंद कच्चा रस्ता वर जातो. सुमारे साडेसहा किलोमीटरांत साडेतीनशे मीटरांच्या आसपास उंची चढावी लागते. दरीत ॲस्पेन वृक्षांची बने आहेत. शरद ऋतूत त्यांची पाने सोनेरी होतात. पूर्वी येथे मेंढ्या चारणाऱ्या बास्क मेंढपाळांनी या झाडांच्या पांढऱ्या सालीवर कोरलेली नावे व चित्रे काही बुंध्यांवर अजूनही दिसतात.

या चढणीवर नवख्यांची दमछाक होते ती ताकदीच्या अभावाने नव्हे. 2,400 मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रकाठच्या दाबाच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो. त्या मानाने प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. सपाटीवरच्या वेगाने चढू लागणारा मनुष्य पहिल्या अर्ध्या तासातच थांबतो. गिअर चढ सुरू होण्यापूर्वी हलका करावा, कारण ताण आलेली साखळी गिअर बदलताना अडते वा तुटते. सीटच्या पुढील टोकाकडे सरकून, कोपरे वाकवून छाती किंचित खाली आणावी, म्हणजे पुढचे चाक उचलले जात नाही आणि मागचे घसरत नाही. बोलता येईल इतक्याच दमाने चढावे, हा जुना नियम येथेही लागू पडतो.

खिंडीनंतर रस्ता मार्लेट सरोवराकडे उतरतो. नेवाडाचा पहिला सर्व्हेअर जनरल सेनेका मार्लेट याचे नाव या सरोवरास दिलेले आहे. काठाने धरणापर्यंत जाऊन, सांडव्याखालचा ओढा ओलांडला की पन्हळीची वाट सुरू होते.

कड्याच्या पोटातून

येथून स्वार ज्या दिशेने जातो त्याच दिशेने एकेकाळी पाणी वाहत होते. उजवीकडे ग्रॅनाइटचा डोंगर, डावीकडे मोकळे आकाश आणि खाली टाहोचे निळे पाणी. काठाजवळ ते हिरवट, तळाचे गोल धोंडे वरूनही दिसावेत इतके नितळ. आत जावे तसे गडद. सँड हार्बरची वाळूची भूशिरे अगदी पायाखाली आल्यासारखी वाटतात. वाटेच्या कडेला जुन्या लाकडाचे व लोखंडाचे तुकडे अधूनमधून आढळतात.

या देखाव्यातच मोठा धोका आहे. सायकल नजर जाईल तिकडे जाते. मान सरोवराकडे वळली की खांदे वळतात, खांद्यांमागोमाग हँडल वळते. म्हणून येथील अनुभवी स्वारांचा शिरस्ता असा की, पाहावयाचे तर थांबून, डोंगराच्या बाजूस पाय टेकून पाहावे. चालवावयाचे तर नजर वाटेवर, चार-पाच मीटर पुढे ठेवावी. पुढच्या चाकाखाली पाहणाऱ्याला दगड दिसतो तेव्हा उशीर झालेला असतो.

खडबडीत भागात सीटवर बसून राहू नये. दोन्ही पायडल एका पातळीत ठेवून त्यांवर उभे राहावे, गुडघे आणि कोपरे सैल ठेवावेत. सायकल अंगाखाली हलू द्यावी, शरीर स्थिर ठेवावे. पायडल एक वर व एक खाली राहिले तर खालचे पायडल दगडाला आपटते, आणि अरुंद वाटेवर तेवढा धक्का तोल जाण्यास पुरेसा असतो. काही ठिकाणी दरडींतून आलेल्या धोंड्यांमधून वाट जाते. तेथे खाली उतरून सायकल हाताने न्यावी. पटाईत स्वारही तेथे उतरतात, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

समोरून कोणी आले तर कोणी थांबावयाचे, हेही ठरलेले आहे. सायकलस्वाराने पादचारी आणि घोडेस्वार या दोघांनाही वाट द्यावी. दोन सायकलस्वारांत उतरणाऱ्याने चढणाऱ्यास वाट द्यावी. घोडा समोर आल्यास सायकलवरून उतरून शांतपणे बोलावे, कारण माणसाचा आवाज ऐकला की घोड्याला ती वस्तू ओळखीची वाटते. पाणी दोन लिटर तरी बरोबर असावे. दुपारी वीज-वादळ होण्याचा संभव असल्याने सकाळी लवकर निघावे. वरच्या भागातील बर्फ पुष्कळदा जूनपर्यंत वितळत नाही, आणि ऑक्टोबर सरता सरता नवा पडू लागतो.

घसरणारे चाक आणि गढूळ होणारे पाणी

बोगद्याच्या जुन्या तोंडाजवळ ‘टनेल क्रीक’चा कच्चा रस्ता लागतो आणि तेथून साडेचार किलोमीटरांत चारशे मीटरांहून अधिक उतार उतरावयाचा असतो. येथील माती म्हणजे ग्रॅनाइट कुजून झालेली भरड वाळू. मुरमासारखी दिसते, पण मुरमासारखी घट्ट बसत नाही. चाकाखाली ती मोकळ्या धान्यासारखी सरकते. नवखा स्वार घाबरून मागचा ब्रेक आवळून धरतो. चाक फिरावयाचे थांबते आणि घसरत जाते. घसरणाऱ्या चाकाने वेग फारसा कमी होत नाही. जमिनीत चर मात्र पडतो.

त्या चराचे पुढे काय होते, हे मृद्संधारणाचे काम पाहिलेल्या कोणाही ग्रामसेवकास ठाऊक असते. पहिल्याच पावसात पाणी त्यात शिरते, चर खोल होतो, वाट ओहोळ बनते. चर चुकविण्यासाठी पुढचे स्वार बाजूने जातात, वाट रुंदावते आणि तिच्या कडेची झुडपे मरतात. म्हणून वळण येण्यापूर्वीच वेग कमी करणे, दोन्ही ब्रेक एकेका बोटाने हळूहळू दाबणे, आणि वजन किंचित मागे नेऊन चाक फिरते ठेवणे हे स्वाराच्या सुरक्षिततेइतकेच वाटेच्याही सुरक्षिततेचे तंत्र आहे.

वाट बांधणाऱ्यांचेही नियम पाण्याभोवतीच फिरतात. वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून अधिक असू नये. नाहीतर पाणी वाट ओलांडून जाण्याऐवजी वाटेनेच धावते. वाटेला दरीच्या बाजूस मीटरभर रुंदीमागे पाच सेंटिमीटर एवढा उतार ठेवावा. आपल्या घाटरस्त्यांवर नेमकी उलट पद्धत असते. तेथे पाणी डोंगराकडील गटारात घेऊन मोरीतून पलीकडे सोडतात. डोंगरवाटेवर गटारे साफ करावयास रोज माणूस येणार नसतो, तेव्हा पाणी पातळ पसरून कडेवरून निघून जाऊ देणे हेच बरे. शिवाय काही अंतरावर वाट थोडी खाली नेऊन पुन्हा वर आणतात, म्हणजे वाटेवर साचलेले पाणी त्या खोलगट जागी बाहेर पडते.

टाहोच्या बाबतीत ही काळजी विशेष महत्त्वाची आहे. पाण्याची पारदर्शकता मोजण्यासाठी पांढरी तबकडी पाण्यात सोडून ती दिसेनाशी होईपर्यंतची खोली मोजतात. 1968 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शास्त्रज्ञांनी चार्ल्स गोल्डमन यांच्या नेतृत्वाखाली हे मोजमाप सुरू केले, तेव्हा वार्षिक सरासरी सुमारे 31 मीटर होती. 2017 साली ती 18 मीटरांवर आली. अलीकडच्या वर्षांत ती 20 मीटरांच्या आसपास राहिली आहे. सूक्ष्म मातीचे कण आणि शेवाळ ही त्याची प्रमुख कारणे. यांतील बहुतेक बारीक कण काठावरील वस्त्या आणि डांबरी रस्त्यांवरून येतात. सायकलवाटांचा वाटा अल्प आहे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. परंतु सैल मातीच्या आणि तीव्र उताराच्या वाटेवरून निघालेला कण सरोवरात पोचतो तेव्हा त्याला बाहेर काढण्याचा मार्ग नसतो. सरोवराचे पाणी संपूर्ण बदलण्यास शतकांचा काळ लागतो.

व्यवस्था

या भागात राज्य उद्यान आणि संघराज्याचे वनखाते अशा दोन्हींच्या जमिनी आहेत. खोऱ्याच्या विकासावर नियंत्रण ठेवण्यासाठी दोन्ही राज्यांनी मिळून करार केला आणि 1969 साली अमेरिकी काँग्रेसच्या मान्यतेने टाहो प्रादेशिक नियोजन संस्था स्थापन झाली. पन्हळीच्या वाटेची कीर्ती वाढली तशी टनेल क्रीकच्या पायथ्याशी मोटारींची दाटी झाली. स्वार वर एका ठिकाणी निघून खाली दुसऱ्या ठिकाणी पोचत असल्याने त्यांना परत स्पूनरला नेणारी भाड्याची वाहने सुरू झाली, आणि त्यातून स्थानिकांना रोजगार मिळाला. कड्यावर जाण्याची ज्यांची तयारी नाही अशा कुटुंबांसाठी 2019 साली याच पायथ्यापासून सँड हार्बरपर्यंत सरोवराच्या काठाने सुमारे पाच किलोमीटर लांबीचा पक्का सायकलमार्ग खुला झाला.

सरोवराभोवतीच्या डोंगरमाथ्यांवरून फिरणारी ‘टाहो रिम ट्रेल’ ही सुमारे 265 किलोमीटरांची वाट 1984 ते 2001 या काळात मुख्यतः स्वयंसेवकांच्या श्रमदानाने तयार झाली. ती या परिसरातूनच जाते. तिच्यावर पादचारी व सायकलस्वार यांच्यात कुरबुरी होऊ लागल्या, तेव्हा टनेल क्रीकपासून उत्तरेकडे टाहो मेडोजपर्यंतच्या भागासाठी एक साधा तोडगा काढण्यात आला. त्या भागात सायकली महिन्याच्या फक्त सम तारखांना जाऊ शकतात. ज्याला शांतपणे चालावयाचे असेल त्याने विषम तारीख निवडावी. महिना 31 दिवसांचा असला की 31 तारखेमागून 1 तारीख येते, आणि सायकलस्वारांना सलग दोन दिवस वाट पाहावी लागते. पन्हळीची वाट मात्र त्यांना सर्व तारखांना खुली असते.